भाव आधी, माल नंतर : सोयाबीनच्या पुरवठा साखळीतील इंटरनेट

‘पुरवठा साखळी’ हा शब्दप्रयोग अलीकडे वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळतो. त्याचा अर्थ मुळीच कठीण नाही. स्वयंपाकघरातील सोयाबीन तेलाची एक पिशवी घेतली, तर तिच्या मागे शेतकरी, गावचा लहान व्यापारी, मंडीतील अडत्या, ट्रकमालक, तेल काढणारा कारखाना, घाऊक विक्रेता आणि कोपऱ्यावरचा दुकानदार अशी माणसांची एक लांब रांग उभी असते. या रांगेतील प्रत्येकजण मागच्याकडून माल घेतो व पुढच्याच्या हाती देतो. हीच पुरवठा साखळी होय.

या साखळीतून तीन प्रवाह वाहत असतात. माल शेताकडून घराकडे जातो, पैसा घराकडून शेताकडे येतो आणि तिसरा प्रवाह असतो तो माहितीचा. कोठे किती माल पडून आहे, त्याची प्रत कशी आहे, कोणास किती हवा आहे, आजचा भाव काय, ही सारी माहिती दोन्ही दिशांनी वाहावयास हवी. माल अडला तर तो वखारीत डोळ्यांना दिसतो. पैसा अडला तर हाकाटी होते. माहिती अडली तर मात्र जेथे ती अडली तेथील माणसाखेरीज कोणास त्याचा पत्ताही लागत नाही, आणि साखळीतील नफा बहुधा त्याच ठिकाणी साठत जातो. मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठा साखळीसाठी इंटरनेटचा उपयोग करतात तो प्रामुख्याने या तिसऱ्या प्रवाहासाठी.

अमेरिकेतील वॉलमार्ट या दुकानदारी करणाऱ्या कंपनीने १९९१ साली ‘रिटेल लिंक’ नावाची व्यवस्था सुरू केली व पुढे ती इंटरनेटवर आणली. साबण किंवा बिस्किटे पुरविणाऱ्या कारखानदारास आपला माल कोणत्या दुकानात किती खपला, हे या व्यवस्थेमुळे स्वतःच्या कचेरीत बसून पाहता येऊ लागले. परंतु तेथे पुरवठादार म्हणजे दुसरी कंपनीच असते. तिच्याकडे संगणक असतो, तो चालविणारा कारकून असतो आणि वीजही असते. जेथे पुरवठादार हजारो खेड्यांत विखुरलेला, दोनचार एकरांचा धनी असलेला शेतकरी आहे, तेथे हे कसे साधावे? या प्रश्नाचे एक उत्तर मध्यप्रदेशातील माळवा भागात २००० साली शोधण्यात आले. इंदूर, देवास, उज्जैन ही गावे होळकर, पवार व शिंदे यांच्या काळापासून मराठी माणसास परकी नाहीत. आपल्या वाचकांपैकी काहींचे सगेसोयरे आजही तेथे आहेत. त्या मुलखातील हा प्रयोग नीट समजून घेण्यासारखा आहे.

मंडीतील एक दिवस

माळव्याची काळी जमीन पूर्वी पावसाळ्यात पुष्कळ ठिकाणी पडीक ठेवीत व हिवाळ्यात तीत गहू किंवा हरभरा घेत. १९७० नंतरच्या काळात तेथे सोयाबीन आले आणि पाहता पाहता खरिपाचे मुख्य पीक बनले. शंभर किलो दाण्यांतून सुमारे अठरा किलो तेल निघते व बाकीची बहुतेक पेंड होते. ही पेंड कोंबड्यांचे व जनावरांचे खाद्य म्हणून परदेशीही जाते. त्यामुळे माळव्यातील सोयाबीनच्या भावाचे एक टोक अमेरिकेतील शिकागो शहराच्या वायदेबाजारास बांधलेले आहे, ही गोष्ट ज्याच्या शेतात ते पिकत होते त्यास मात्र बहुधा ठाऊक नव्हती.

पीक सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये हाती येते. लगेच दिवाळीचा खर्च असतो, गव्हाच्या पेरणीची घाई असते आणि बी-खताची उधारी फेडावयाची असते. माल घरात ठेवण्याची ऐपत थोड्यांचीच. म्हणून शेतकरी ट्रॅक्टरची ट्रॉली भरून, पुष्कळदा रात्रीच, तालुक्याच्या मंडीकडे निघे. तीस-चाळीस किलोमीटर अंतर कापून पहाटे मंडीच्या दाराशी पोहोचले, की ट्रॉल्यांची रांग लागलेलीच असे. आज भाव काय निघणार, हे त्यास तेथे गेल्याखेरीज समजत नसे. आदल्या दिवशी जाऊन आलेल्या शेजाऱ्याने सांगितलेला भाव, एवढाच काय तो आधार. आपल्याकडे काजूच्या हंगामात बी विकावयास निघण्यापूर्वी बागायतदार आजचा दर काय, हे चौकशी करूनच घराबाहेर पडतो. माळव्यातील त्याच्या भावंडास ही साधी सोय नव्हती.

मंडीत लिलाव होई तो उघड्यावर. मंडीचा कर्मचारी बोली सुरू करी, व्यापारी ट्रॉलीत हात घालून मूठभर दाणे वर काढीत, दाताखाली दाबून ओलावा अजमावीत आणि बोली बोलत. कोणतेही यंत्र नाही, लेखी कसोटी नाही. बोली मनास आली नाही तर शेतकऱ्याने नकार द्यावा, असे नियम सांगतो. पण भाड्याने आणलेली ट्रॉली परत नेण्याचा खर्च कोण सोसणार? नकार देण्याचा हक्क कागदावर राही आणि माल विकला जाई.

त्यानंतरचा भाग अधिक कष्टाचा. ट्रॉली अडत्याच्या दुकानासमोर न्यावयाची, तेथे हमालांनी दाणे पोत्यांत भरावयाचे, मापाड्याने तराजूवर एकेक पोते तोलावयाचे. या भरण्यातोलण्यात थोडे दाणे जमिनीवर सांडत आणि काटा किंचित अधिक झुकता ठेवला जाई. विषय समजावा म्हणून हिशेब करून पाहू. ट्रॉलीत ३० क्विंटल माल आहे व प्रत्येक क्विंटलमागे एक किलो याप्रमाणे गेला, असे धरले तर ३० किलो सोयाबीन शेतकऱ्याच्या हातून नकळत सुटले. त्यावर हमाली व तोलाई त्याच्याच पदरी. पैसे त्याच दिवशी मिळाले तर ठीक. अडत्याने ‘उद्या या’ म्हटले, की आणखी एक खेप.

येथे अडत्यावर सारा दोष टाकून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. हाच अडत्या अडीअडचणीला उसने पैसे देई, आजारपणात गाडी देई, लग्नकार्यात उभा राही. शेतकऱ्याचा त्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध होता. भावाची माहिती एकट्या त्याच्यापाशी होती आणि ती वाटण्यात त्याचे हित नव्हते. ही उणीव त्या व्यवस्थेतच होती.

अंधार दोन्ही टोकांना

कोलकात्याच्या आय.टी.सी. या कंपनीचा एक विभाग शेतमालाचा व्यापार करी. माळव्यात सोयाबीन घेऊन त्याचे तेल व पेंड करून घ्यावयाची व विकावयाची, असा त्याचा व्यवहार होता. खरेदी अर्थातच मंडीतून, अडत्यांमार्फत होई. आता या दुसऱ्या टोकाकडून पाहिले तर काय दिसते? कंपनीलाही शेतकऱ्याचा माल प्रत्यक्ष दिसत नव्हता. दिवसभरात मंडीत भाव वरखाली होत. अडत्या उतरत्या भावात घेतलेला माल चढत्या भावाने कंपनीस दाखवू शके, चांगल्या दाण्यात हलका दाणा मिसळून सरासरी प्रत साधू शके. कोणत्या गावचे सोयाबीन अधिक तेल देते, कोणत्या गावी पुढील आठवड्यात किती माल निघेल, हे कंपनीस कळण्यास मार्ग नव्हता. एकाच पोत्यातील दाणा मंडीच्या अलीकडे एकदा भरला जाई, पलीकडे पुन्हा उतरविला जाई, आणि त्या प्रत्येक हाताळणीचा खर्च तेलाच्या किमतीत चढे.

म्हणजे उत्पादक व कारखानदार या दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी होती. कंपनीने पुढे जे केले ते परोपकारबुद्धीने केले, असा समज वाचकांनी करून घेण्याचे कारण नाही. आपला खरेदीखर्च कमी करावा व माल पारखून घ्यावा, हा तिचा हेतू होता आणि तो तिने लपविलाही नाही. त्या हेतूच्या पूर्तीसाठी शेतकऱ्यास भाव आधी सांगणे तिला सोयीचे वाटले, हे या प्रकरणातील महत्त्वाचे होय.

पारावरचा संगणक

जून २००० मध्ये मध्यप्रदेशातील सहा गावांत या योजनेचा आरंभ झाला. तिला नाव देण्यात आले ‘ई-चौपाल’. चौपाल म्हणजे उत्तरेकडील खेड्यांत गावकरी संध्याकाळी जमतात ती जागा. आपल्याकडील पिंपळाचा पार किंवा गावची चावडी डोळ्यांसमोर आणली म्हणजे कल्पना येईल. नाव निवडणाराने अर्धे काम तेथेच केले, असे प्रसिद्धीच्या व्यवसायात वय गेलेल्या माणसास तरी वाटल्यावाचून राहत नाही. ‘ग्रामीण संगणकीय खरेदी केंद्र’ असे नाव ठेवले असते तर पारावरचा एकही माणूस उठून तिकडे गेला नसता.

रचना अशी होती. चारपाच गावांमध्ये मिळून एक संगणक. तो कचेरीत न ठेवता गावातीलच एका शेतकऱ्याच्या घरी ठेवावयाचा. या शेतकऱ्यास ‘संचालक’ म्हणत. त्यास लिहितावाचता यावे, गावात त्याची पत असावी, परंतु तो गावचा बडा धनको नसावा, अशी दृष्टी ठेवून त्याची निवड केली जाई. निवड झाल्यावर सर्व गावासमोर त्यास शपथ घ्यावी लागे, की या साधनाचा उपयोग मी सर्वांसाठी सारखाच करीन. विजेचा व दूरध्वनीचा चालू खर्च त्याने सोसावयाचा, आणि त्याच्या चौपालमार्फत येणाऱ्या मालावर त्यास कमिशन मिळावयाचे. माहितीचे पान हिंदीत होते. त्यावर आसपासच्या मंड्यांचे भाव, हवामानाचा अंदाज, पिकाच्या निगेविषयी सल्ला आणि शिकागोचा भावही दिसत असे. ही माहिती पाहण्यासाठी पैसे नव्हते, आणि पाहणाऱ्याने माल कंपनीसच विकला पाहिजे अशी अटही नव्हती. ही शेवटची बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी.

खरेदीचा क्रम पाहू. आदल्या दिवशी मंडी ज्या भावावर बंद झाली, तो आधार धरून कंपनी दुसऱ्या दिवसाचा आपला भाव ठरवी व तो संगणकावरून सर्व संचालकांना कळवी. हा भाव त्या दिवसापुरता स्थिर असे, आणि तो ठरावीक सरासरी प्रतीच्या मालासाठी असे. सोयाबीनच्या व्यापारात शेकडा १० ओलावा, शेकडा २ काडीकचरा व शेकडा २ खराब दाणे असे प्रमाण रूढ आहे. शेतकरी पिशवीभर नमुना घेऊन संचालकाच्या ओसरीवर येई. संचालक त्याच्या देखत नमुना तपासून, प्रत कमी असेल तर भाव किती कमी होईल हे सांगे. कोणत्या कारणासाठी किती रक्कम वजा झाली, हे शेतकऱ्यास प्रथमच उलगडून दाखविले जात होते. भाव पटला तर संचालक एक चिठ्ठी देई. तीत शेतकऱ्याचे नाव, गाव, मालाचा अंदाज व प्रतीस अधीन राहून ठरलेला भाव लिहिलेला असे. न पटला तर नमुन्याची पिशवी उचलून घरी जावे, किंवा सरळ मंडीची वाट धरावी. नकाराची किंमत आता ओसरीपर्यंतच्या चालीइतकीच राहिली होती.

चिठ्ठी घेऊन ट्रॉली कंपनीच्या खरेदी केंद्रावर जाई. तेथे भुईकाटा होता. माळव्यात त्यास ‘धर्मकाँटा’ म्हणतात. भरलेली ट्रॉली एकदा तोलावयाची, रिकामी करून पुन्हा तोलावयाची, वजाबाकी तेवढे वजन. पोती भरणे नाही, दाणे सांडणे नाही, झुकता काटा नाही. वाहतुकीचा खर्च कंपनी देई आणि मालाची पूर्ण रक्कम तेथेच चुकती होई. तेलाचे प्रमाण तपासण्यासाठी नमुना प्रयोगशाळेत जाई. परंतु त्या तपासणीवरून ठरलेला भाव खाली आणला जात नसे. उलट माल सरस निघाला तर बक्षीस म्हणून गुण दिले जात व त्यांच्या मोबदल्यात बी-खतासारख्या वस्तू घेता येत.

साखळीचा प्रवाह उलटाही वाहू लागला. संचालक गावातील बी, खत, औषधे यांची मागणी एकत्र करून नोंदवू लागला. पंधरा शेतकऱ्यांनी स्वतंत्रपणे तालुक्यास जाण्याऐवजी एकच मागणी गेली. गावोगावी किती पेरा झाला व माल केव्हा निघेल, याचा अंदाज कंपनीस हंगामापूर्वीच येऊ लागला. कारखान्यास काय हवे आहे, हेही गावात कळू लागले.

वीज, तार आणि जुना अडत्या

कागदावर सुबक दिसणारी ही योजना जमिनीवर उतरविताना नाना अडचणी आल्या. दिवसातील पुष्कळ तास वीज नसे आणि आली तरी तिचा दाब चढउतार करीत असे. त्यामुळे बॅटरी व सौर फलक बसवावे लागले. गावच्या दूरध्वनी केंद्राची तार संगणकाच्या संदेशवहनास अपुरी पडे, म्हणून ठिकठिकाणी उपग्रहामार्फत जोडणारी व्हीसॅट ही छत्री बसवावी लागली. एका छत्रीचा खर्च लाखाच्या घरात होता. इंटरनेट म्हणजे हवेतून आपोआप येणारी गोष्ट अशी कल्पना करणाऱ्यांनी हा खर्च विसरू नये.

दुसरी अडचण कायद्याची. मध्यप्रदेश कृषी उपज मंडी अधिनियम, १९७२ प्रमाणे शेतमालाचा घाऊक व्यवहार मंडीच्या आवारात व्हावयाचा असे. हा कायदा मुळात शेतकऱ्याचे संरक्षण व्हावे, खरेदी उघड लिलावाने व्हावी याच हेतूने झाला होता. राज्य शासनाने कंपनीस आवाराबाहेर थेट खरेदी करण्याची परवानगी दिली, आणि कंपनी मंडीचे शुल्क पूर्वीप्रमाणे भरीत राहिली. त्यामुळे मंडीचे उत्पन्न तेवढ्यापुरते तरी सुरक्षित राहिले.

तिसरी अडचण अडत्यांची. येथे कंपनीने व्यवहारचातुर्य दाखविले. त्यांना साखळीतून हाकलून न देता त्यांतील अनेकांस ‘संयोजक’ म्हणून सामावून घेतले. संचालक निवडण्यास मदत करणे, रोख रकमेची व्यवस्था पाहणे, वखारी चालविणे ही कामे त्यांच्याकडे आली व त्याचे कमिशनही मिळू लागले. खेडोपाडीची ओळख आणि हाताशी खेळते भांडवल हे त्यांचे बळ होते. ते संगणकाने पुरे होणारे नव्हते.

लाभ कोणास, हानी कोणाची

कंपनीने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार पुढे ही योजना १० राज्यांत, ६,१०० केंद्रांमार्फत ३५,००० गावांपर्यंत पोहोचली. सोयाबीनखेरीज गहू, कॉफी, कोळंबी अशा मालासाठीही तिचा अवलंब झाला. २००४ साली मध्यप्रदेशातील सीहोर येथे खरेदी केंद्रास जोडून ‘चौपाल सागर’ नावाचे मोठे दुकानही उघडले गेले. माल विकून हाती आलेला पैसा तेथेच खर्च व्हावा, हा त्यामागील हिशेब उघडच होता.

कंपनीने स्वतःविषयी दिलेली माहिती जपूनच वाचावी लागते. म्हणून एका स्वतंत्र अभ्यासाचा उल्लेख करणे उचित होईल. अर्थशास्त्रज्ञ अपराजिता गोयल यांचा मध्यप्रदेशातील सोयाबीन मंड्यांविषयीचा शोधनिबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्या भागात चौपालची केंद्रे आली, तेथील सरकारी मंड्यांत सोयाबीनचा भाव सरासरीने शेकडा १ ते ३ इतका वाढला, वेगवेगळ्या मंड्यांच्या भावांतील तफावत कमी झाली आणि सोयाबीनखालील क्षेत्रही वाढले, असे त्यांना आढळले. दर हजार रुपयांमागे दहा ते तीस रुपये, ही रक्कम लहान वाटेल. परंतु भाव वाढला तो कंपनीच्या केंद्रापुरता नव्हता, तर मंडीत वाढला. म्हणजे ज्याने आपला माल कंपनीस कधीच विकला नाही, त्यासही लाभ झाला. शेतकऱ्यास भाव ठाऊक आहे व तो दुसरीकडे जाऊ शकतो, एवढे कळताच मंडीतील व्यापाऱ्याची बोली वर सरकली. याच न्यायाने मंडी नाहीशी होऊन एकच खरेदीदार उरला असता तर हा लाभ टिकला असता काय, याविषयी प्रस्तुत लेखकास दाट शंका आहे. कंपनीचा भाव मंडीच्या आदल्या दिवसाच्या भावावरूनच ठरत होता, हे येथे पुन्हा आठवावे. मंडीत माल येईनासा झाला तर आधार धरावयाचा तो भाव कोठून येणार?

हानीही झाली, आणि ती ज्यांची झाली त्यांच्याविषयी क्वचितच लिहिले जाते. भुईकाट्यावर पोती भरावी लागत नाहीत, म्हणून पोती भरणारा हमाल व तोलणारा मापाडी यांचे काम घटले. मंडीच्या दाराशी चहाचे दुकान चालविणारा, ट्रॉलीचे चाक दुरुस्त करून देणारा, यांच्याकडचे गिऱ्हाईक ओसरले. शेतकऱ्याच्या ट्रॉलीतून पूर्वी सांडत असलेले दाणे झाडून नेऊन त्यावर गुजराण करणारी माणसेही मंडीत होती. साखळीतील अपव्यय म्हणून ज्याची नोंद झाली, तो कोणाची तरी भाकरी होती. या माणसांसाठी संगणकाच्या पानावर जागा नव्हती.

ज्याच्याकडे ट्रॉलीभर माल नाही अशा अगदी लहान शेतकऱ्यासही केंद्रापर्यंत जाणे परवडत नसे. तो गावातल्या गावातच विकीत राहिला. फरक इतकाच, की आता विकताना भाव काय चालला आहे, हे तो संचालकाच्या ओसरीवरून ऐकून येऊ शके. संगणक एखाद्याच्या घरात असल्याने स्त्रियांचा तेथे वावर कमी होता, असेही निरीक्षकांनी नोंदविले आहे. शाळकरी मुलांनी मात्र संकोच केला नाही. परीक्षेचा निकाल पाहणे व गुणपत्रिका छापून घेणे यासाठी ती संचालकाच्या घरी गर्दी करीत.

नंतर काय झाले

पुढील काही वर्षांत भ्रमणध्वनी खेडोपाडी पोहोचला आणि भाव कळण्यासाठी ओसरीवरच्या संगणकाची गरज राहिली नाही. याच कंपनीने २०२२ साली शेतकरी उत्पादक कंपन्यांना बरोबर घेऊन भ्रमणध्वनीवर चालणारी ‘आयटीसीमार्स’ ही नवी व्यवस्था आणली. संचालकाच्या ओसरीची जागा शेतकऱ्याच्या खिशाने घेतली. सोय झाली, यात संशय नाही. परंतु गावासमोर घेतलेली शपथ व चारचौघांत तपासलेला नमुना या गोष्टी खिशातील यंत्रात कशा यावयाच्या, हा प्रश्न आहेच.

केंद्र शासनाने १४ एप्रिल २०१६ रोजी ‘ई-नाम’, म्हणजे राष्ट्रीय कृषी बाजार, ही योजना आठ राज्यांतील २१ मंड्यांपासून सुरू केली. मे २०२० पर्यंत तीत १,००० मंड्या सामील झाल्या. ई-चौपाल व ई-नाम ही नावे एकसारखी वाटली तरी दोहोंत मोठा भेद आहे. ई-चौपाल ही एका खरेदीदाराने आपल्या पुरवठ्यासाठी उभारलेली साखळी होती. भाव सांगणारा व माल घेणारा एकच. ई-नाम हा बाजार आहे, तेथे अनेक खरेदीदारांनी संगणकावर बोली बोलावयाची असते. मात्र दूरच्या खरेदीदारास ट्रॉलीत हात घालून दाणा पाहता येत नाही. तेव्हा मंडीत मालाची प्रत यंत्राने तपासून तिचा विश्वसनीय दाखला देता आला, तरच दूरची बोली येईल. ओलावा मोजणारे साधे यंत्र आणि ते प्रामाणिकपणे वापरणारा माणूस यांच्यावर ही सारी इमारत उभी आहे.

शिक्षकांसाठी

इयत्ता आठवीपासून पुढच्या विद्यार्थ्यांकडून या विषयाचा एक सोपा उपक्रम करवून घेता येईल. केंद्र शासनाच्या ‘ॲगमार्कनेट’ या संकेतस्थळावर देशभरातील मंड्यांचे भाव विनामूल्य पाहावयास मिळतात. सोयाबीन, कांदा किंवा नारळ असा एखादा माल निवडून, दोन वेगवेगळ्या मंड्यांचे आठवडाभराचे भाव मुलांनी वहीत उतरवावे. तेथे प्रत्येक मालापुढे किमान, कमाल व बहुलक असे तीन भाव दिलेले असतात. मुले सहसा कमाल भावाकडे प्रथम पाहतात, मोठी माणसेही तेच करतात. तो भाव मात्र एखाद्याच ढिगास मिळालेला असू शकतो. बहुतेक माल ज्या भावाने गेला तो बहुलक भाव होय, आणि गणिताच्या पुस्तकातील ‘बहुलक’ हा शब्द येथे प्रत्यक्ष उपयोगात आलेला विद्यार्थ्यांना दाखविता येतो. दोन मंड्यांतील बहुलक भावांचा फरक काढावा, त्यातून गावापासून त्या मंडीपर्यंतचे ट्रॉलीचे किंवा टेम्पोचे भाडे वजा करावे. हे भाडे विद्यार्थ्यांनी गावातील वाहनवाल्यास स्वतः विचारून आणावे. ते कोणत्याही संकेतस्थळावर मिळणार नाही.